हरिहरेश्वरची राहिलेली प्रदक्षिणा

लासलगांवास समुद्र नाहीं. गोदावरी-कादवेचा संगम नांदूर-मधमेश्वरास, तोहि बराच दक्षिणेस. भरती-ओहोटी म्हणून आम्हीं जन्मभर पाहिली ती कांद्याच्या भावाची. अशा गांवच्या माणसांनीं समुद्र खडक कसा खातो हें पाहण्यासाठीं शंभरावर कोस जावें, याचें वाचकांस नवल वाटेल. खरें सांगावयाचें तर आम्ही खडक पाहण्यास गेलोंच नव्हतों; गेलों होतों तें आमच्या मोठ्या काकूंची राहिलेली प्रदक्षिणा पुरी करण्यास. खडक वाटेंत भेटला, आणि मग कांहीं केल्या सोडीना.

आमचें मूळ घराणें श्रीवर्धनाकडचें. १७१३ सालीं श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पेशवे झाले, आणि त्यांच्या मागोमाग किनाऱ्यावरचीं कितीतरी कुटुंबें घाट चढून देशावर आलीं. आमचे पूर्वज त्यांपैकींच. विंचूरकरांच्या पदरीं कारकुनी करतां करतां ते या बाजूस स्थिरावले. बोली देशावरची झाली, भाताच्या जागीं भाकरी आली, कुलदैवत मात्र हरिहरेश्वरच राहिलें. काकू लग्न होऊन आमच्या घरीं आल्या त्या १९६५ सालीं. त्याच वर्षीं काका त्यांना घेऊन कुलदर्शनास गेले. अभिषेक झाला, देवीची ओटी भरली, आणि डोंगरामागून समुद्राकडे उतरणाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेनें दोघें निघालीं. पण अर्ध्या वाटेवर पाणी चढलें व परत फिरावें लागलें. ‘पुढच्या वर्षीं करूं’ असें काका म्हणाले. पुढच्या वर्षीं घरांत पाळणा हालला, त्याच्या पुढच्या वर्षीं विहीर आटली, मग कुणाची मुंज, कुणाचें आजारपण. दोन वर्षांमागें काका गेले. वर्षश्राद्ध झालें त्या संध्याकाळीं काकू माजघरांत बसून म्हणाल्या, “तेवढी अर्धी प्रदक्षिणा राहिली बघा.” सुरांत तक्रार नव्हती, वाण्याची बाकी सांगावी तसें त्या म्हणाल्या. म्हणूनच तें आम्हां सर्वांस लागलें.

दादांचा मात्र विरोध. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखरे. आणि हरिहरेश्वरच्या त्या खडकांवरून लाटेनें माणसें ओढून नेल्याच्या बातम्या अधूनमधून वाचण्यांत येतात. दादांचें म्हणणें चुकीचें नव्हतें. शेवटीं वहिनींनीं तोड काढली: “जाऊं तर खरें. पाणी पाहून ठरवूं.” माघ वद्य तृतीयेस मुक्कामीं पोंचावें असा बेत ठरला.

निघण्याच्या आदल्या दिवशींची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. मळ्यांतल्या विहिरीचें काम चाललें होतें, म्हणून आम्ही पुतण्या अनंतास घेऊन तेथें गेलों होतों. विहिरीची कापलेली बाजू उघडी होती. वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखालीं पिवळसर मुरूम, मुरुमांत बसवल्यासारखे गोल गोटे, आणि तळाशीं सुरुंगावांचून न हलणारा काळा कातळ. एका गड्यानें पहारेनें एक गोटा पाडला, तों त्याचे एकामागून एक पापुद्रे सुटून पडले आणि आंत मुठीएवढा घट्ट गाभा राहिला. “काका, हा तर कांदा!” अनंता ओरडला. भूशास्त्रज्ञहि या क्रियेस कांद्याच्या पापुद्र्याचीच उपमा देतात. लासलगांवकरांस याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

तरीपण गोटा गोल कां, हें सांगण्यासारखें आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वितळलेल्या खडकाचे पूर आले, थरावर थर सांचले, आणि आज सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्या काळ्या पाषाणानें झांकलेला आहे. रस थंड होतांना आकसला आणि त्यास आडव्याउभ्या भेगा पडून चौकोनी चिरे झाले. पावसाचें पाणी हवेंतला व मातींतला कर्बवायु घेऊन किंचित् आंबट होतें आणि त्या भेगांत शिरतें. चिऱ्याच्या सपाट बाजूवर तें एकाच अंगानें काम करतें, कडेवर दोन अंगांनीं, आणि कोपऱ्यावर तीन अंगांनीं. म्हणून कोपरे आधीं जातात आणि चौकोनाचा गोल होतो. पाषाणांतलें लोखंड गंजून पिवळें-तांबडें पडतें, इतर कण फुगून चिकणमाती बनते, तो थर सुटतो, त्याखालीं दुसरा सुरू होतो. मळ्यांतली काळी माती म्हणजे हाच पाषाण, पुरता पिकलेला. पाऊस पडला कीं ती फुगते, उन्हाळ्यांत पाय अडकेल एवढ्या भेगा देऊन आकसते, आणि तिच्यांतच आमचा कांदा येतो. मनमाडकडे जातांना अंकाई-टंकाईजवळ आगगाडींतून जो एकटा सुळका दिसतो, ज्याला लोक हडबीची शेंडी म्हणतात, तोहि याच झिजेचा अवशेष. भोंवतालचा डोंगर गेला, तेवढा खुंट उरला.

लासलगांवाहून कल्याणपर्यंत आगगाडीनें आणि पुढें भाड्याच्या मोटारीनें पनवेल, माणगांव, म्हसळें असा प्रवास झाला. इगतपुरी सोडून गाडी थळघाट उतरूं लागली तेव्हां खिडकींतून पाषाणाचे थर पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसत होते. अनंतानें ते मोजण्याचा प्रयत्न केला व बोगदे आल्यामुळें सोडून दिला. म्हसळ्याच्या पुढें मातीचा रंग पालटला. घरें, कुंपणें, विहिरींचे कठडे, सर्व तांबड्या जांभ्याचें. जांभा हा आमच्या काळ्या पाषाणाचाच वंशज. लासलगांवाकडे वर्षाला वीस-पंचवीस इंच पाऊस. त्यांत चुना व इतर क्षार मातींतच राहतात. कोंकणांत शंभर इंचांहून अधिक पाऊस, तो सर्व विरघळणारें धुऊन नेतो आणि मागें राहतात लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे गंज. खाणींतून ओला असतां हा दगड कुऱ्हाडीनेंहि तासतां येतो, आणि हवा लागली कीं कठीण होतो. १८०७ सालीं बुकॅनन नांवाच्या स्कॉटिश प्रवाशानें मलबारांतल्या अशाच दगडास लॅटिनमधल्या विटेवरून नांव दिलें, तें जगभर रूढ झालें. कोंकणी माणसास त्याआधींपासून तो चिरा म्हणून ठाऊक होता.

मुक्काम देवळाजवळच मिळाला. रात्रीं जेवणें आटोपल्यावर भरतीचा हिशेब निघाला. अनंतानें भ्रमणध्वनीवर वेळा काढल्या. काकूंनीं पंचांग उघडलें. “तिथीची पाऊणपट करायची,” त्या म्हणाल्या, “उद्यां चतुर्थी, चारांची पाऊणपट तीन. तीनला पूर्ण भरती, दुपारीं आणि पहाटेंहि. तेव्हां ओहोटी नवाला.” ही रीत काकांनीं त्यांना १९६५ सालींच शिकविली होती, म्हणजे परत फिरल्यानंतर! दोन्ही हिशेबांत पाव तासाचाच फरक निघाला, आणि काकूंच्या तोंडावर जें समाधान पसरलें तें पाहून अनंतानें भ्रमणध्वनी मुकाट्यानें खिशांत घातला. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येतो, म्हणून भरतीहि तितकीच मागें सरते. पाऊणपट म्हणजे रोज पंचेचाळीस मिनिटें. कोळ्यांचें गणित खऱ्याच्या किती जवळचें आहे तें यावरून कळेल.

पण गणित बरोबर आणि माणसें उशिरा, अशी आमची गत झाली. प्रथेप्रमाणें आधीं काळभैरवाचें दर्शन, मग हरिहरेश्वराचें, पुन्हां काळभैरवाचें. अभिषेकास गर्दी होती. संकष्टी असल्यानें काकूंचा उपास, त्यामुळें वहिनींनीं त्यांना मध्यें जबरदस्तीनें बसवून शहाळें पाजलें. डोंगर चढून पलीकडच्या पायऱ्यांपाशीं पोंचलों तों पावणेअकरा झाले होते.

त्या पायऱ्या ज्यांनीं पाहिल्या नाहींत त्यांस त्यांची कल्पना देणें कठीण आहे. दोन उंच काळ्या कातळांच्या मधली अरुंद फट, आणि तिच्यांतून खालीं खालीं जाणारी वाट. वर आकाशाची पट्टी, समोर एकदम समुद्र. खडकाला मूळचीच जी भेग होती ती पाण्यानें व वाऱ्यानें रुंदावली, आणि माणसानें तिच्यांत पायऱ्या घातल्या. काकू एकेक पायरी बसून उतरल्या. खालीं उतरतांच पायांखालीं पसरतो तो खडकाचा एक विस्तीर्ण ओटा, बराचसा सपाट, जागोजागीं पाण्याचीं डबकीं, मागें उभा कडा. हा ओटा कोणीं घडविलेला नाहीं, लाटांनीं कापलेला आहे.

लाट खडकाला कापते ती नुसत्या धडकेनें नव्हे. ती भेगेंत शिरतांना आंतली हवा कोंडते व दाबते. लाट मागें सरली कीं तीच हवा एकदम पसरते आणि पाचर मारल्याप्रमाणें भेग उलते. शिवाय प्रत्येक लाटेच्या हातांत दगडगोटे असतात. त्यांनीं ती कड्याचा पाया घांशीत बसते. पायाशीं खांच पडते, वरचा भाग अधांतरीं राहतो, आणि एके दिवशीं कोसळतो. कोसळलेले तुकडे पुन्हां लाटेचीं हत्यारें होतात. असें करीत कडा मागें हटतो व त्याच्या पायाचा तळ ओट्यासारखा उघडा राहतो. थॉमस स्टीव्हन्सन नांवाच्या स्कॉटिश स्थापत्यविशारदानें, म्हणजे सुप्रसिद्ध कादंबरीकार स्टीव्हन्सनच्या वडिलांनीं, दीपगृहें बांधण्यासाठीं लाटांचा जोर मोजणारें यंत्र खडकांवर बसविलें होतें. १८४५ च्या मार्चमध्यें स्केरीव्होर येथें एका चौरस फुटावर सहा हजार पौंडांहून अधिक दाब त्यानें नोंदविला. आपला अरबी समुद्र माघांत निवांत असतो. आषाढांत तो या ओट्यावर काय करीत असेल याची कल्पना कड्याच्या पायाशीं पडलेल्या घराएवढ्या धोंड्यांवरून येते.

ओट्यामागच्या कड्याजवळ आलों आणि अनंता थांबला. खडक सगळा भोंकांभोंकांचा. सुपारीएवढीं, वाटीएवढीं, कोठें डोकें मावेल एवढीं भोंकें. मध्यें पातळ भिंती. मधमाश्यांचें पोळें दगडाचें करून भिंतीस लावावें तसें. “काका, हा आपल्या जोत्याचाच दगड ना?” त्यानें विचारलें. आमच्या लासलगांवच्या घराचें जोतें काळ्या पाषाणाचें, पणजोबांच्या वेळचें. त्याच्या कडा अजून हाताला लागतात. “तोच,” आम्ही म्हणालों. “मग ह्याला काय झालें?” उत्तर काकूंनीं दिलें: “देवी आल्या रे त्याला.” अनंतानें देवीचे व्रण कधीं पाहिलेले नव्हते, त्याला ते समजावून सांगावें लागले. पण उपमा इतकी नेमकी कीं आम्हांसहि दुसरी सुचेना.

येथें दोषी लाट नसून मीठ आहे. भरतीचे तुषार कड्यावर उडतात, खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत मुरतें, ऊन पडलें कीं पाणी उडून जातें आणि मिठाचे स्फटिक मागें राहतात. स्फटिक वाढतांना जागा मागतात. दगडाचे कण एकेक करून सुटतात. पुन्हां तुषार, पुन्हां ऊन, दिवसांतून कैक वेळां. जेथें लहानसा खळगा पडला तेथें सांवली आणि ओल अधिक टिकते, मीठहि तेथेंच अधिक सांचतें, म्हणून खळगा अधिकच खोल होतो व भिंती मागें राहतात, असें बऱ्याच अभ्यासकांचें मत आहे. आमच्या जोत्याला पाऊस लागला, ऊन लागलें. मीठ लागलें नाहीं. खडक एकच, जन्म एकच वेळचा. घाटावर त्याची माती होऊन शेत पिकतें, घाटाखालीं जांभा होऊन घर उभें राहतें, आणि येथें त्याची चाळण होते. आम्ही हें सर्व अनंतास सांगत असतां काकू त्या भोंकांतून बोटें फिरवीत उभ्या होत्या.

तेवढ्यांत मागून हांक आली. जवळच शहाळीं विकणारा एक मनुष्य घाईघाईनें येत होता. “आजी, आतां मागें फिरा. पुढच्या घळींत पाणी आलं. हें पाणी विचारून येत नाहीं.” सवा अकरा झाले होते. पाणी फारसें चढलेलें दिसत नव्हतें, आणि आम्हांस क्षणभर वाटलें कीं झपझप चालल्यास होईल. पण भरतीचा स्वभाव ध्यानांत ठेवला पाहिजे: पहिल्या तासांत ती हळू चढते, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत जलद. म्हणजे मनुष्य जेव्हां ‘अजून वेळ आहे’ म्हणतो, नेमकी तेव्हांच ती धांवूं लागते. दादांनीं काकूंचा हात धरला. आम्हांस भीति होती ती काकू हट्ट धरतील याची. त्यांनीं समोरच्या घळीकडे पाहिलें, तेथें एक लाट फुटून पांढरें पाणी आडवें पसरलें, आणि त्या म्हणाल्या, “तेव्हांहि इथूनच फिरलों होतों. त्या दगडाशीं. तेव्हां त्याला पुढें एक छज्जा होता, त्याखालीं आम्ही उन्हाचे बसलों होतों.” त्या दगडास आतां छज्जा नव्हता. खालीं कांहीं मोठे तुकडे पडले होते, त्यांवर कालवें चिकटलीं होतीं. छज्जा केव्हां पडला कोण सांगणार?

परत वर चढण्यास पाऊण तास लागला. काकू दिवसभर विशेष बोलल्या नाहींत. चंद्रोदयाची वाट पाहतांना ओसरीवर दादा, आमच्या आठवणींत प्रथमच, आपण होऊन खडकाविषयीं बोलूं लागले. नोकरींत असतां ते एकदां मुरुडच्या कोळ्यांच्या होडींतून पद्मदुर्गास गेले होते. शिवाजी महाराजांनीं जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठीं बांधलेला हा समुद्रांतला किल्ला. तेथें तटाचे दगड खारें वारें लागून आंत आंत झिजले आहेत, आणि दोन दगडांच्या मधला चुना मात्र जसाच्या तसा पुढें आलेला आहे, जणूं रिकाम्या चौकटीच. “दगड गेला आणि चुना राहिला,” दादा म्हणाले. “तो चुना ज्यांनीं मळला त्यांना काय माहीत होतें कीं पाषाणाहून आपला हात टिकेल?” त्या चुन्याचें मर्म त्याच्या घट्टपणांत असावें, ज्यांत पाणीच शिरत नाहीं, तेथें मिठाचें कांहीं चालत नाहीं. सरकारी पाट्या व हल्लीं चालू असलेली समुद्राची वाढ, जी जगभर वर्षाला तीन-चार मिलिमीटर मोजली गेली आहे, हाहि विषय निघाला. पण चंद्र आला, आरती झाली, आणि पानें मांडलीं गेलीं.

दुसऱ्या दिवशीं पंचमी. पांचांची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. काकू पहाटे पांचलाच आंघोळ करून तयार होत्या. त्यांनीं काकांची काठी घेतली होती, जी त्यांनीं घरून कोणास न सांगतां आणली होती. सव्वाआठला आम्ही डोंगर चढलों. पायऱ्यांच्या फटींत अजून गारवा होता. खालीं उतरलों तों ओटा कालच्यापेक्षां दुप्पट उघडा. काल जेथें पांढरें पाणी आडवें आलें होतें त्या घळींत आज घोटाभर डबकें, त्यांत दोन खेकडे. शहाळींवाला हंसून म्हणाला, “आज खुशाल जा. पण कडेला उभं राहून फोटो नको.” तें त्यानें अनंताकडे पाहून सांगितलें, आणि योग्यच सांगितलें. निवांत समुद्रांतहि मधूनच एखादी लाट बाकीच्यांहून मोठी येते, आणि हिरवें शेवाळ पाय ठरूं देत नाहीं. आम्हीं काकूंना कड्याच्या अंगानें घेतलें. दादा पुढें, वहिनी मागें.

छज्जा नसलेल्या दगडाशीं काकू थांबल्या. पडलेल्या तुकड्यांपैकीं एकावर, कालवें नसलेली जागा पाहून, त्या बसल्या. पांच मिनिटें असतील. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग उठून, काठी टेकीत, त्या घळ ओलांडून पलीकडे गेल्या, जेथें त्या पूर्वीं कधीं गेल्या नव्हत्या. पुढची वाट तशी सोपी. मध्यें खडकांत पाण्याचीं तीर्थें आहेत, त्यांचीं नांवें दादांनीं कोणा यात्रेकरूस विचारून घेतलीं. काकू प्रत्येक ठिकाणीं ओंजळ डोळ्यांस लावीत होत्या. दक्षिणेकडे सावित्रीचें मुख आणि पलीकडे बाणकोटची बाजू धुक्यांत दिसत होती. शेवटीं पुन्हां वाळू लागली, आणि वाळूवरून देऊळ.

देवळाच्या ओट्यावर काकू टेकल्या, पदरानें तोंड पुसलें, आणि पायांतली वाळू झटकतांना त्यांच्या हातीं एक काळा गुळगुळीत खडा आला. तो त्यांनीं अनंताच्या हातावर ठेवला. “हा बघ तुझा कांदा,” त्या म्हणाल्या, मग वहिनींकडे वळून, “चहा कुठें मिळेल ग? साखर बेताची सांग.” दहा वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. पाणी फिरलें होतें.